कडूबाईचं माक्याचं तेल

बेंबळी
९ नोव्हेंबर २०२४

राजनंदिनी,

बंडप्पाच्या टेम्पोत सहा डबे तेल आन दोन पिशव्या शिकेकाई धाडलीय. डब्याची तोंडं कापडानं बांधलीत. कापडं परत धाड, मागल्या येळची दोन तुझ्याकडंच राहिलीत.

दिवाळीला आलीस, दोन दिस राहिलीस, घर भरल्यावानी वाटलं. तू गेल्यावर शेजारची फातिमा म्हनली, "कडूबाई, फोन लाव की सुनेला." म्या म्हनलं, लावून काय करू? ती तिकडून वरडनार आन म्या इकडून आँ आँ करनार. कान गेले ते गेले. चौथीची शाळा मातर अजून कामाला येतीया, मनून डब्यासंगं पत्र धाडते.

यंदा माका वढ्याच्या कडंला गुडघ्याएवढा आलाय. दव हाय तवर कापते आन उन्हं चढायच्या आत वाटून कढईत टाकते. माझा कुलदीप गेला त्या साली तू मला इचारलं हुतंस, "आत्या, आता आपण दोघींनी करायचं काय?" तवा म्या कढई चुलीवर ठिवली. मायनं शिकवलेलं एवढं एकच येत हुतं. बाटलीवर माझं नाव छापून येईल असं सपनात बी न्हवतं. फातिमा येनाऱ्याजानाऱ्याला ती बाटली दावती आन मोठ्यानं वाचती, मला ऐकू येत न्हाय तरी कळतं.

टाचा लई फुटल्यात. बिबा तापवून चटके देते. बिबा जहरी असतो, अंगाला लागला का फोड येतात, मनून जपून करते. तू काळजी करू नको.

लोकांच्या डोक्याला तेल लावतीस आन सोताचं डोस्कं कोरडं ठिवतीस. लावत जा.

तुझी आत्या


उमरगा
१७ नोव्हेंबर

आत्या,

तुमचे सहा डबे नीट पोचले. आठही कापडं धुऊन परत पाठवलीत. टाचांसाठी मलम ठेवलंय, रात्री लावून मोजे घाला आणि ते बिब्याचे चटके बंद करा बघू.

दुकानात आता सकाळी दहालाच बायका येऊन बसतात. दोन खुर्च्या पुरत नाहीत, तिसरी घेतली. मुरुमहून एक मास्तरीणबाई दर रविवारी येतात. त्यांचे केस बाळंतपणानंतर मुठीमुठीनं गळत होते. मी तुमचं तेल लावते, अर्धा तास ठेवते, मग शिकेकाईनं धुते. मागच्या रविवारी त्यांनी कपाळावर आलेले बारीक नवे केस मला आरशात दाखवले आणि एकदम रडायलाच लागल्या. मी म्हटलं, हे तेल माझ्या सासूबाई करतात. त्या म्हणाल्या, "त्यांचे हात मला बघायचेत."

लग्नसराई सुरू झाली. शिवांजली म्हणून एक मुलगी येते, तिचं लग्न जानेवारीत आहे. कमरेखाली केस आहेत तिचे. लग्नापर्यंत आठवड्यातून दोनदा येणार आहे. तेव्हा पुढच्या महिन्यात जरा जास्त तेल लागेल.

बाटल्यांवर लेबलं लावायला समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर येतात, कृष्णराज म्हणून. माझी लेबलं वाकडी बसतात. कृष्णराज म्हणतात, तारीख आणि साहित्य सगळं छापायला पाहिजे, लोकांना कळलं पाहिजे आपण डोक्याला काय लावतोय. ते खरंच आहे. कृष्णराज यांनी विचारलंय, तुम्ही आणखी काय काय घालता त्याची यादी पाठवा.

तुमची,
राजनंदिनी


बेंबळी
२ डिसेंबर

राजनंदिनी,

माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, मेथ्या, आवळकाठी, बेहडा. तिळाचं तेल दोन वाटे आन खोबऱ्याचं एक वाटा. मंद आचेवर, फेस बसंस्तवर. एवढंच हाय, छाप.

त्या मास्तरीनबाईला म्हनावं, हात काय बघायचेत, काळे पडलेत माक्यानं. पन वाचून बरं वाटलं. दोनदा वाचलं.

आता माझं इचारते. कृष्णराज कोन? एका कागदावर तीनदा नाव आलंय. मोजलंय म्या. कान गेलेत, डोळे न्हाय गेले.

डबे आठ धाडलेत. का सात? मोजून घे.

तुझी आत्या


उमरगा
२० डिसेंबर

आत्या,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तोंडानं सांगायची हिंमत झाली नसती.

कृष्णराज चाळीस वर्षांचे आहेत. बायको पाच वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही. बोलणं कमी. एकदा माझ्या दुकानात पाण्याची मोटर बंद पडली, तेव्हा समोरून दहा बादल्या पाणी आणून दिलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. गेल्या सोमवारी त्यांनी मला विचारलं. सरळ विचारलं. मी म्हटलं, मला एका माणसाची परवानगी घ्यावी लागेल. ते म्हणाले, "आईवडलांची?" मी म्हटलं, नाही, सासूची.

आत्या, कुलदीपना मी विसरलेले नाही. त्यांच्या ट्रकला अपघात झाला त्या दिवशी मी ज्या साडीत होते ती साडी अजून मला घडी मोडून नेसवत नाही. पण मी चौतीस वर्षांची आहे. दुकानाचं शटर ओढून खोलीवर जाते तेव्हा कुणाशी बोलावं ते कळत नाही.

माझं माहेर आता नावापुरतं उरलंय. माझ्यासाठी तुम्हीच आहात. तुम्ही नाही म्हणालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही, आणि मनात धरणारही नाही. पण जे वाटतं ते खरं लिहा.

डबे आठ नाही, पाच आले. बंडप्पा म्हणाले, पाचच दिले होते. असू द्या.

तुमचीच,
राजनंदिनी


बेंबळी
८ जानेवारी २०२५

राजनंदिनी,

आठ डबे धाडलेत.

कुना परक्या मानसाचं लिवलंस ते वाचलं. तुला लाज न्हाय वाटली? कुलदीपला सांगितलंस का हे? नवरा गाडी घेऊन रानोमाळ हिंडतो, उन्हातान्हात जेवतो, आन बायको इकडं दुसऱ्या मानसाच्या बादल्या मोजती. तो आला का त्याला समोर बशीव आन त्याच्या तोंडावर इचार. त्याची परवानगी घे, माझी कशाला.

त्याच्या डोक्याला तेल लाव. मागच्या बारीला आला तवा टाळूवर केस इरळ दिसले.

तुझी आत्या


उमरगा
१५ जानेवारी

आत्या,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस दुकान उघडलं नाही.

तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं, तसं लिहिलंही होतं. पण मेलेल्या नवऱ्याची परवानगी घ्यायला सांगायची? त्याच्या डोक्याला तेल लावायला सांगायचं? माझ्या हातानं मी त्यांचं रक्त भरलेलं डोकं मांडीवर घेतलं होतं आत्या, रस्त्याच्या कडेला, दवाखान्याची गाडी येईपर्यंत. तुम्हाला माहीत आहे. हे एवढं टोचून लिहायला तुमचा हात कसा धजावला?

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. त्या पत्रासोबत तुम्ही पाठवलेलं तेल नेहमीपेक्षा काळं होतं. मला वाटलं माका जास्त पडला असेल. शिवांजलीच्या डोक्याला लावलं. अर्ध्या तासात पोरगी किंचाळायला लागली. कपाळ, कान, मान सगळं लाल, संध्याकाळपर्यंत फोड. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेत, हे पत्र पेन मुठीत धरून लिहितेय. डॉक्टरांनी तिचे समोरचे आणि कानावरचे केस भादरून औषध लावलं. लग्न दहा दिवसांवर आहे. तिची आई दुकानाच्या पायरीवर उभी राहून मला नाही नाही ते बोलली आणि मला तोंड वर करता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे बिब्याचं आहे.

बिबा तुमच्या घरात असतो. तो किती जहरी ते तुम्हीच मला लिहिलं होतं. तीस वर्षं ज्या बाईचा हात चुकला नाही, तिचा माझं पत्र मिळाल्यावरच कसा चुकला?

तुमचा राग माझ्यावर होता. माझ्यावर काढायचा. त्या पोरीनं तुमचं काय बिघडवलं होतं?

यापुढं तेल पाठवू नका.

राजनंदिनी


बेंबळी
२४ जानेवारी

राजनंदिनी बेटी,

मी फातिमाबी. उर्दू शाळेत शिकले, मराठी लिहिताना चुकले तर माफ कर. फोनवर सांगितलं असतं, पण कडूबाई सगळा दिवस माझ्याजवळ बसून असते आणि ओठांवरून बोलणं ओळखते. शिवाय हे फोनवर सांगायचं नाही. नीट बसून वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा ती माझ्या अंगणात होती. वाचलं आणि पांढरी पडली. मला म्हणाली, "फातिमा, कुलदीपला काय झालं? कुणाच्या रक्ताचं लिहिलंय हे?" मी म्हटलं, "अगं, तीन वर्षं झाली की त्याला जाऊन." बेटी, ती अशी ओरडली की समोरच्या गल्लीतली माणसं धावत आली. त्या दिवशी मयत आणली होती तेव्हा जशी रडली होती, तशीच. आम्ही चौघींनी धरून बसवली.

परवा तिनं पत्र पुन्हा बघितलं आणि पुन्हा तेच. "फातिमा, हे काय लिहिलंय?" मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तशीच रडली. मग मी पत्र काढून माझ्या पेटीत ठेवलं.

खूप दिवसांपासून तिचं हे सुरू आहे. दसऱ्याला तिनं मला दोनदा सोनं दिलं, पहिलं दिलेलं आठवत नव्हतं. मी हसले. आता वाटतं, हसायला नको होतं. कधी चांगली असते, सगळं बरोबर सांगते. कधी स्टँडवर जाऊन बसते, कुलदीप येणार म्हणून. मला कसम घातली होती, सुनेला सांगायचं नाही, तिचं दुकान नीट चाललंय.

तुझ्या पत्रातलं बिब्याचं वाचून मी तिच्या घरात डबे उघडून बघितले. बेहड्याच्या डब्यात बिबे भरलेले आहेत. बिब्याच्या डब्यात साखर आहे.

तिनं मुद्दाम काही केलं नाही बेटी. अल्लाची शपथ. लवकर ये.

तुझी फातिमाखाला


बेंबळी
२६ जानेवारी

राजनंदिनी,

आज सकाळपासून डोस्कं निर्मळ हाय. किती येळ राहील ठाव न्हाय, मनून तोंड धुयाच्या आधी लिवायला बसलेय. फातिमा बाजूला बसलीय. म्या भलतं काय लिवलं तर ती मला थांबवनार हाय.

तिच्या पेटीतलं तुझं पत्र म्या मागून घेतलं आन पुरं वाचलं. म्या तुला काय लिवलं हुतं ते मला आठवत न्हाय. पन तुझं उत्तर वाचून कळलं का काय लिवलं असंल. पोरी, तसं माझ्या मनात कधी न्हवतं. आज तरी न्हाय.

शिवांजलीचं डोस्कं म्या जाळलं. मुद्दाम न्हाय, पन म्याच जाळलं. तिच्या मायला सांग, का त्या म्हातारीला कळलं, आन ती रडली. दुसरं काय सांगशील. बाटल्यांवरचं माझं नाव खरडून काढ. माझ्या हातचं जेवढं तेल हाय तेवढं खड्डा खंदून वत. आता ह्या हातांचा भरवसा न्हाय राहिला.

मला हे मागल्या पावसाळ्यापासून कळत हुतं. चुलीवर काय ठिवलंय ते इसरायची. दोन डबे भरले का आठ, इसरायची. तुला सांगितलं न्हाय, कारण तुला कळलं असतं तर तू तेल घ्यायची बंद झाली असतीस. मग मी सकाळी उठून कशासाठी वढ्याला जायाचं? ते तेल हुतं मनून म्या हुते. माझ्या लोभापायी पोरीचं डोस्कं गेलं.

कुलदीपचं सांगते. म्या फातिमाला रोज इचारायची मनून एक दिस म्याच कोळशानं भिंतीवर लिवून ठिवलं, कुलदीप गेला. म्हनलं, आता इसरनार न्हाय. दुसऱ्या सकाळी चुलीपाशी गेले आन ते वाचलं. राजनंदिनी, मला वाटलं कुनीतरी मला आताच सांगायला आलंय. म्या पुसून टाकलं. मग परत इसरले.

तवा माझं एक ऐक. मी इचारलं का कुलदीप कुठाय, तर मला सांगू नको. सांगितलंस का तो माझ्यासाठी त्याच घडीला मरतो. एका मायनं एकदा सोसायचं ते म्या धा-बारा बारी सोसलंय. खोटं बोल. गाडी घेऊन गेलाय म्हन.

आन त्या कृष्णराजचं. बायको वारल्यावर पाच वर्षं एकटा राहिला, आन न बोलता पानी आनून दिलं. मानूस बरा दिसतो. लगीन कर. हे मी शुद्धीत लिवतेय, फातिमा साक्षी हाय. उद्या म्या काही बाही बोलले, शिव्या दिल्या, तर ते माझं समजू नको. हे माझं समज.

तुझी आत्या


उमरगा
२० मार्च

फातिमाखाला,

तुमचे रोजे चालू असतील. आत्यांना मी घेऊन आले त्या दिवशी तुम्ही टेम्पोमागं वेशीपर्यंत चालत आलात. आज सविस्तर लिहितेय.

त्या दिवशी तुमच्या अंगणात मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अगं, काय झालं? कुनी काय बोललं का तुला?" माझ्या त्या पत्राची त्यांना आठवणच नव्हती. मला क्षमा मागायची होती आणि ज्यांची मागायची त्यांच्याकडं ती गोष्टच उरलेली नव्हती. मी अजून रोज मागते. त्या मला म्हणतात, "येडी हायेस का?"

शिवांजलीकडं मी आत्यांना घेऊन गेले. लग्न झालं तिचं, डोक्यावरचा पदर पुढं ओढून बोहल्यावर उभी राहिली. आता माहेरी आली होती. केस येताहेत, पण उजव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा तशीच आहे. डॉक्टर म्हणतात, तिथं येणार नाहीत. आत्या तिच्याजवळ बसल्या, तिची वेणी हातात घेतली आणि म्हणाल्या, "किती ग्वाड केस. हे काय लागलं माय तुला? कुनी केलं?" शिवांजलीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "पडले होते आजी." तिची आई उठून आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. तिचा राग बरोबर आहे.

तेल मी ओतून दिलं. लेबलंही काढली. दुकान चालू आहे, पण आता फक्त शिकेकाई आणि रिठ्यानं केस धुऊन देते. निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. मुरुमच्या मास्तरीणबाई येतात. त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी आत्यांचे दोन्ही हात बराच वेळ हातात धरून ठेवले होते.

आत्या दुकानातच खुर्चीवर बसतात, रस्त्याकडं तोंड करून. हैदराबादकडं जाणारे ट्रक सारखे जात असतात. दिवसातून दहादा विचारतात, कुलदीप कुठाय? मी त्यांच्यासमोर वाकते, ओठ नीट दिसतील असं हळू सांगते, "हैदराबादला गेलेत. माल उतरवून येतील." मग जेवले का विचारतात. मी सांगते, जेवले. भजी खाल्ली. कोणता शर्ट घातलाय विचारतात. मी सांगते, निळा. त्यांचं समाधान होतं. पहिले काही दिवस माझी जीभ अडखळायची. आता अडखळत नाही. कधी कधी न विचारताच सांगते, आज त्यांना यायला उशीर होईल म्हणून.

कृष्णराज रोज दुपारी येतात. आत्यांच्या गोळ्या आणतात, कधी केळी आणतात. लग्नाचं मे महिन्यात करू असं ठरवलं होतं. आत्यांनी तुमच्यासमोर लिहिलेलं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले होते.

आता जे लिहितेय ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू शकणार नाही. गेल्या मंगळवारी दुपारी कृष्णराज समोर बसून चहा पीत होते. आत्या खुर्चीत झोपल्या होत्या. बाहेर एक ट्रक येऊन थांबला. दार आपटल्याचा आवाज आला, कुणीतरी खाली उतरलं. खाला, मी हातातलं टाकून उठले. केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला आणि दाराकडं निघाले. तीन-चार पावलं गेले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिथंच उभी राहिले. मागं वळायची हिंमत होईना.

कृष्णराज यांनी कप खाली ठेवला. माझ्या बाजूनं पुढं जाऊन दारातून बाहेर डोकावले. क्षणभर बघितलं. मग परत आले आणि अगदी हळू म्हणाले,

"नाही. दुसऱ्याची गाडी आहे."

आत्या झोपलेल्याच होत्या. ते मलाच सांगत होते.

तुमची,
राजनंदिनी